सूत्राने बांधलेला साक्षीदार

परस्परसंबंधित तक्ते सूत्रांनी जोडून देणारी दस्तऐवज-अ‍ॅप्स गेल्या दहाबारा वर्षांत छोट्या पेढ्यांच्या, संस्थांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या कामात रुळली, आणि त्यांच्या पाठोपाठ एक सिद्धान्तही रुळला, जो आता इतका सर्वमान्य झाला आहे की त्याची परीक्षा घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. कोणतीही माहिती एकाच ठिकाणी लिहावी, इतर सर्व ठिकाणी ती तिथूनच सूत्राने ओढून घ्यावी, आणि एकच आकडा दोनदा लिहिलेला आढळला तर तो अडाणीपणाचा अवशेष समजून काढून टाकावा, असे हा सिद्धान्त सांगतो. ‘एकच सत्यस्रोत’ या भारदस्त नावाने तो प्रशिक्षणवर्गांत शिकवला जातो आणि सल्लागारांच्या अहवालांत मांडला जातो. तक्ते जोडण्याला प्रस्तुत लेखाचा विरोध नाही. विरोध आहे तो या जोडणीतून काढल्या जाणाऱ्या एका निष्कर्षाला, म्हणजे जोडलेले आकडे परस्परांशी जुळतात म्हणून ते खरे असतात या समजुतीला. आणि हा विरोध नीट मांडण्यासाठी जयपूरसारखे दुसरे शहर सापडणे कठीण, कारण तक्ते, त्यांच्या नकला आणि त्यांच्यातील तफावत या तिन्ही गोष्टींचा तीनशे वर्षांचा अनुभव या एका शहरापाशी साठलेला आहे.

प्रथम सिद्धान्ताची बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडणे न्याय्य ठरेल. जयपूरच्या जोहरी बाजारातील रंगीत खड्यांचा एखादा व्यापार घ्यावा. तिथे खरड, म्हणजे न तासलेला कच्चा माल, विकत घेतली जाते, निवडून तिचे लॉट पाडले जातात, लॉट कारागिराकडे घाटासाठी आणि पॉलिशसाठी जातो, तयार खडे परत येतात आणि मग दलालाच्या हाती जांगडाने दिले जातात. जांगड म्हणजे पसंतीवर दिलेला माल: मालकी देणाऱ्याकडेच राहते, घेणारा तो गिऱ्हाइकाला दाखवतो, आणि ठरलेल्या मुदतीत एक तर पैसे देतो, नाही तर माल परत करतो. हा सगळा व्यवहार एकाच लांबलचक शीटमध्ये लिहिला तर एकाच दलालाचे नाव चार ठिकाणी चार प्रकारे लिहिले जाते, त्याचा पत्ता बदलला की शंभर ओळी दुरुस्त कराव्या लागतात, त्यांतील नव्वद दुरुस्त होतात आणि उरलेल्या दहा पुढे वर्षानुवर्षे घोळ घालत राहतात. यावर उपाय म्हणून कोडा, नोशन, एअरटेबल यांसारख्या अ‍ॅपांत पार्ट्यांचा एक तक्ता, लॉटांचा दुसरा आणि जांगडांचा तिसरा असे स्वतंत्र तक्ते करता येतात. जांगडाच्या ओळीत दलालाचे नाव टंकित न करता पार्टीच्या तक्त्यातील त्याच्या ओळीकडे बोट दाखवणारा जोडस्तंभ ठेवता येतो. आणि मग त्या दलालाचा पत्ता आणून दाखवणारे शोधसूत्र, किंवा त्याच्याकडे बाहेर असलेल्या एकूण कॅरटांची बेरीज करणारे संकलनसूत्र लिहिता येते. एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावणारे लोक हेच काम नाव नावाशी जुळवून करत असत, आणि त्यामुळे एकाच नावाच्या दोन पार्ट्या असल्या की यादीतली पहिली पार्टी दोघांचेही देणे अंगावर घेत असे. जोडस्तंभ अक्षरांशी बांधलेला नसून ओळीच्या अंतर्गत ओळख-क्रमांकाशी बांधलेला असल्याने हा दोष उरत नाही.

इथपर्यंत वादाला जागाच नाही. मराठी वाचकाला हीच रचना गावच्या दप्तरातूनही परिचित आहे: गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, आणि सातबारा ही दोन वेगळी पत्रके आहेत, आणि सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक हा एका तक्त्याच्या ओळीतून दुसऱ्या तक्त्याच्या ओळीकडे नेणारा दुवाच होय. दलालाचा पत्ता ही एक वस्तुस्थिती आहे. ती एकदा लिहावी आणि शंभर ठिकाणी दिसावी, हे योग्यच.

घोटाळा होतो तो यानंतरच्या पायरीवर. ‘एक वस्तुस्थिती एकदाच लिहावी’ या निर्विवाद विधानावरून ‘एकच आकडा दोनदा लिहिलेला नसावा’ या विधानावर सहज उडी मारली जाते, आणि या दोन विधानांत जमीनअस्मानाचे अंतर आहे हे उडी मारणाऱ्याच्या लक्षात येत नाही. व्यापाऱ्याने दिलेल्या मालाचे वजन आणि दलालाने घेतलेल्या मालाचे वजन हे आकडे रोज सारखेच येत असले, तरी त्या दोन वस्तुस्थिती आहेत, कारण त्या दोन माणसांनी दोन तराजूंवर पाहिलेल्या आहेत. त्यांचा सारखेपणा हा निरीक्षणाचा निकाल आहे, तो आधी गृहीत धरता येत नाही. पहिल्या प्रकारात दुसरी नोंद ही निव्वळ पुनरुक्ती असते. दुसऱ्या प्रकारात ती साक्ष असते. पुनरुक्ती सूत्राने बांधली तर काम वाचते, पण साक्ष सूत्राने बांधली तर साक्षीदारच नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झाल्याचे कळायला मार्ग उरत नाही, कारण आकडे त्यानंतर कायमचे जुळू लागतात.

ज्या निबंधाला या सिद्धान्ताचे मूळ मानले जाते तो निबंधही सिद्धान्ताच्या बाजूने उभा राहत नाही. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात परस्परसंबंधित तक्त्यांची गणिती मांडणी प्रथम केली. त्या लेखाचा उत्तरार्ध पुनरुक्ती आणि सुसंगती यांवरच आहे, पण त्यात पुनरुक्तीचा समूळ नायनाट करण्याचा उपदेश नाही: पुनरुक्तीचे प्रकार तिथे वेगळे केलेले आहेत, काही पुनरुक्ती वापरणाऱ्यांच्या गरजेतूनच येते हे मान्य केलेले आहे, आणि कोणत्या नोंदी परस्परांशी जुळायला हव्यात हे यंत्रणेला सांगून ठेवावे, म्हणजे विसंगती उद्भवताच ती तपासून कळवता येईल, अशी दिशा दाखवलेली आहे. विसंगती कळावी, या हेतूचा पुढच्या पिढीच्या प्रचारकांनी विसंगती घडूच नये असा अर्थ लावला, आणि हा बदल फारसा कोणाच्या नजरेत आला नाही.

दुहेरी नोंदीच्या हिशेबपद्धतीचा दाखला देऊन या मुद्द्याला उत्तर देण्याचा प्रयत्न होतो; नामे आणि जमा या दोन बाजू असल्यावर तपासणी आपोआप होतेच, असे म्हटले जाते. हे उत्तर वरवरचे आहे. टॅलीसारख्या प्रणालीत एकाच व्हाउचरमधून दोन्ही बाजू तयार होतात, त्यामुळे तेरीज जुळते ती जुळायलाच हवी म्हणून जुळते, आणि खोटे व्हाउचर टाकले तरीही तितक्याच सुबकपणे जुळते. तपासणी खरोखर घडते ती बँकेच्या पासबुकाशी मेळ घालताना, किंवा वर्षअखेरीला समोरच्या पार्टीकडून शिल्लक लेखी कबूल करून घेताना, म्हणजे दुसऱ्या कोणी दुसऱ्या वहीत लिहिलेला आकडा शेजारी आणून ठेवताना.

जयपूर शहराचा संस्थापक सवाई जयसिंह याच्या खगोलीय कोष्टकांइतके या भेदाचे स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. ‘झीज’ म्हणजे ग्रहताऱ्यांची स्थाने काढण्यासाठी रचलेला कोष्टकांचा संग्रह. आजच्या भाषेत बोलायचे तर परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांचा ग्रंथ, ज्यातील एका तक्त्यातून मध्यम गती, दुसऱ्यातून तिचे संस्कार आणि तिसऱ्यातून काळाचे रूपांतर घेऊन इष्ट दिवसाचे स्थान काढायचे असते. जयसिंहाने मुघल बादशहा मुहम्मदशहा याच्या नावाने सिद्ध करवलेल्या झीजच्या प्रस्तावनेत असे नमूद आहे की दिल्लीच्या वेधांची खातरजमा व्हावी म्हणून तशीच यंत्रे जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही उभारली गेली. या वाक्यामागची दृष्टी ध्यानात घ्यावी. पाच शहरांत पाच वेधशाळा बांधणे हा आजच्या सल्लागाराच्या हिशेबाने निव्वळ अपव्यय ठरला असता. दिल्लीचा वेध एकदा घेतला की उज्जैनचा आकडा अक्षांश-रेखांशांच्या फरकाने काढून देता येतो, मग तिथे दगडचुन्याचे बांधकाम कशाला, असा प्रश्न त्याने विचारला असता. जयसिंहाला मात्र उज्जैनचा काढलेला आकडा नको होता, पाहिलेला आकडा हवा होता. त्याच्या पदरी असलेला जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय पंडित, ज्याने युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, याच मंडळातला. गणिताने काढलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले यांतील अंतर मोजणे हेच त्या मंडळाचे मुख्य काम होते.

याच प्रस्तावनेत दुसरी एक तुलना येते. पाद्री मानुएल द फिगेरेदो याच्याबरोबर पोर्तुगालला पाठवलेल्या मंडळाने परतताना फिलिप द ला इर या पॅरिसच्या ज्योतिर्विदाची कोष्टके आणली, ती वेधांशी ताडून पाहण्यात आली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत निघाली. तफावत निघू शकली याचे कारण उघड आहे: एका बाजूला पॅरिसचे कोष्टक होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याशी कोणत्याही सूत्राने न बांधलेला जयपूर-दिल्लीचा वेध होता.

गंमत अशी की हाच ग्रंथ प्रतिपक्षाच्या रीतीचेही उदाहरण पुरवतो आणि तिचा परिणामही दाखवतो. झीजमधील ताऱ्यांची यादी ही समरकंदच्या उलुगबेगाच्या पंधराव्या शतकातील यादीवरून घेतलेली आहे. मूळ भोगांशांत अयनचलनापोटी, म्हणजे संपातबिंदूच्या संथ सरकण्यापोटी, ४ अंश ८ कला मिळवून ती हिजरी ११३८ या वर्षापर्यंत आणलेली आहे. संबंधित तक्त्यातील स्तंभ घ्यावा, त्यात स्थिरांक मिळवावा आणि नवा स्तंभ भरावा: आजच्या अ‍ॅपात हे एका ओळीचे सूत्र झाले असते. आता या यादीचा आणि उलुगबेगाच्या यादीचा तंतोतंत मेळ बसतो, आणि त्या मेळाची किंमत शून्य आहे. समरकंदला एखाद्या ताऱ्याच्या स्थानात चूक झाली असेल तर ती ४ अंश ८ कला पुढे सरकून जयपूरलाही तशीच पोचली, आणि दोन ग्रंथ एकमेकांना दुजोरा देत आहेत असा भास मात्र पक्का झाला. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे रेमंड मर्सियर यांनी १९८०च्या दशकात गणिताने दाखवून दिले की झीजमधील सूर्य, चंद्र आणि ग्रह यांची कोष्टकेही बहुतांशी ला इरच्याच कोष्टकांवरून, रेखांतर आणि कालगणना बदलून, सिद्ध केलेली आहेत. ज्याची चूक वेधाने पकडली त्याच्याच कोष्टकावरून पुढचे कोष्टक काढले गेले. वेधशाळेने दिलेली साक्ष आणि ग्रंथात उतरलेले सूत्र यांच्यातले हे अंतर जयसिंहाच्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्यासाठी इथे सांगितलेले नाही. इतका दक्ष निरीक्षकसुद्धा, तयार तक्ता हाताशी आला की, सूत्राच्या सोयीपुढे किती सहज नमतो, हे त्यातून दिसते आणि तेवढाच त्याचा प्रस्तुत वादाशी संबंध आहे.

जोहरी बाजाराकडे परत यावे. कारागिराकडे कच्चा लॉट जातो तेव्हा त्याचे वजन लिहिले जाते आणि तयार होऊन येतो तेव्हा पुन्हा वजन होते. मधली तूट म्हणजे घट. खड्याच्या जातीप्रमाणे, त्यातील चिरांप्रमाणे आणि मागितलेल्या घाटाप्रमाणे घट कमीजास्त होते, आणि अनुभवी व्यापाऱ्याला ती अंदाजाने ठाऊक असते. नव्या अ‍ॅपात हा व्यवहार मांडताना अपेक्षित घटीची टक्केवारी लॉटांच्या तक्त्यात ठेवावी आणि परत आलेले वजन सूत्रानेच भरले जावे, म्हणजे मुनिमाचे काम वाचेल, हा सल्ला स्वाभाविकपणे पुढे येतो. हा सल्ला मानला की कारागिराची कसोटी संपते आणि संरक्षणही संपते: एखाद्या लॉटात घट जास्त आली तर तो दोष खरडीचा, हाताचा की नीयतीचा, हा प्रश्नच उपस्थित होत नाही, आणि एखाद्याने कौशल्याने माल वाचवून दाखवला तर त्याचे श्रेयही टक्केवारीत विरून जाते. व्यापारातली सर्वांत मोलाची माहिती त्या तफावतीत होती. सूत्राने ती तफावत व्याख्येनेच ठरलेली करून टाकली.

जांगडाचेही तसेच. जांगडाच्या चिठ्ठीची एक प्रत देणाऱ्याकडे आणि दुसरी घेणाऱ्याकडे राहते, यामागे कार्बन-कागद स्वस्त होता हे कारण नाही. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या हातातली प्रत बदलता येऊ नये, यासाठी ती व्यवस्था आहे. आता तीच चिठ्ठी एका सामायिक दस्तऐवजातील एक ओळ झाली, आणि देणाऱ्याला व घेणाऱ्याला त्याच ओळीची दोन दृश्ये दिसू लागली, तर सोय झाली यात शंका नाही. परंतु ज्याच्याकडे तक्ता बदलण्याचा अधिकार आहे त्याने कॅरटांचा आकडा बदलला की दोन्ही दृश्यांत तो एकदमच बदलतो, आणि वाद उभा राहिला तर घेणाऱ्याच्या हातात स्वतःचा म्हणून कागद उरत नाही. अ‍ॅप बदलांचा इतिहास ठेवते, असे यावर सांगितले जाते. ठेवते, हे खरे. पण तो इतिहासही दस्तऐवजाच्या मालकाच्याच खात्यात असतो, तो किती काळ राहील हे भरलेल्या वर्गणीवर ठरते, आणि मालकाने दस्तऐवजच पुसला तर त्याचा इतिहासही त्याच्याबरोबर जातो.

काळाचा प्रश्न याला लागूनच येतो. सूत्राने ओढलेली किंमत ही नेहमी आत्ताची किंमत असते. शोधसूत्राला काल ठाऊक नसतो. तासलेल्या आणि पॉलिश केलेल्या हिऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १८ जुलै २०२२ पासून ०.२५ टक्क्यांवरून १.५ टक्के झाला. ज्या पेढीने कराचा दर एका वेगळ्या तक्त्यात एकदाच लिहून प्रत्येक बिलाच्या ओळीत तो सूत्राने आणला असेल, तिने त्या दिवशी सिद्धान्ताप्रमाणे मूळ तक्त्यातील एकच आकडा बदलला की जूनमधली, मेमधली, दोन वर्षांपूर्वीची सगळी बिले क्षणात सहापट कर दाखवू लागणार, आणि ग्राहकाला दिलेल्या छापील बिलाशी त्यांचा मेळ उरणार नाही. जाणकार रचनाकार इथे दराच्या तक्त्यात ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे स्तंभ घालून वाट काढतात, आणि ती वाट योग्य आहे. पण ती काढावी लागते याचाच अर्थ एक वस्तू आणि एक किंमत हे सूत्र अपुरे आहे, आणि बिल म्हणजे त्या दिवशी काय ठरले याचे गोठवलेले विधान आहे, असा होतो.

करप्रशासनानेच हा धडा गिरवलेला दिसतो. विक्रेत्याने विवरणपत्रात भरलेली बिले खरेदीदाराला आपोआप दिसावीत यासाठी जीएसटीआर-२ए हे पत्रक होते, आणि ते जिवंत होते: विक्रेता जसजसे भरेल किंवा दुरुस्त करेल तसतसे खरेदीदाराच्या पडद्यावरचे आकडे बदलत. ज्या आकड्यावर खरेदीदाराने कराची वजावट घ्यायची तोच आकडा उद्या बदलणार असेल तर त्याने काय जुळवायचे, हा प्रश्न लवकरच उभा राहिला, आणि ऑगस्ट २०२०च्या करमहिन्यापासून जीएसटीआर-२बी हे दरमहा १४ तारखेला तयार होणारे स्थिर पत्रक आणावे लागले. पुढे त्याच्या नियमांत फेरफार झाले, तरी त्यामागची कल्पना कायम आहे: सरकारने दिलेले पत्रक एका बाजूला, पेढीची स्वतःची खरेदीवही दुसऱ्या बाजूला, आणि मुनीम या दोहोंचा मेळ घालणार. खरेदीवहीच जर २बीमधून सूत्राने भरून घेतली, आणि असे करून देणारी साधने बाजारात उत्साहाने विकली जातात, तर मेळ दर महिन्याला शंभर टक्के बसेल आणि न आलेल्या मालाचे बिल कधीच पकडले जाणार नाही.

पेढीच्या हिशेबात याची किंमत पैशांत मोजता येते. सार्वजनिक हिशेबात ती माणसांवर पडते, आणि या बाबतीत राजस्थानने जे पाहिले त्याच्याकडे दुर्लक्ष करून तक्ते जोडण्याचे तत्त्वज्ञान सांगणे हे अज्ञान तरी आहे किंवा सोयीस्कर विस्मरण तरी. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. जनसुनवाई म्हणजे गावाच्या चौकात सरकारी कामाचे मस्टर रोल, बिले आणि व्हाउचरे मोठ्याने वाचून दाखवायची आणि ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांनी उभे राहून खरेखोटे सांगायचे. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांमुळे ज्याला हजेरीपट म्हणून ओळखतात तोच हा मस्टर रोल; कामावर कोण होते, किती दिवस होते आणि किती मजुरी दिली हे त्यात लिहिलेले असते. कार्यालयाच्या कपाटात हे सर्व कागद एकमेकांशी उत्तम जुळत होते. हजेरीपटावरून मजुरी, मजुरीवरून खर्च, खर्चावरून काम पूर्ण झाल्याचा दाखला, अशी प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरूनच भरलेली असल्याने त्यांत विसंगती येण्याचे कारणच नव्हते. विसंगती निघाली ती कागद आणि माणूस समोरासमोर आले तेव्हा: कामावर पाऊलही न टाकलेल्यांची नावे हजेरीपटात होती आणि कागदावर पूर्ण झालेले काम जमिनीवर नव्हते.

याहून अर्थपूर्ण आहे तो त्या आंदोलनाचा नेमका आग्रह. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे सुरू झाले तेव्हा सरकारने कागद पाहू देण्याची आणि हाताने टिपणे घेऊ देण्याची तयारी दाखवली होती, परंतु छायाप्रत देण्याची नव्हे. आजच्या परिभाषेत सांगायचे तर मूळ तक्त्याचे दृश्य पाहण्याचा अधिकार मिळत होता. संघटनेने तो पुरेसा मानला नाही. १९९७ साली जयपूरमध्ये पुन्हा त्रेपन्न दिवसांचे धरणे झाले, आणि त्याच्या शेवटाकडे सरकारने जाहीर केले की पंचायतीच्या कागदांच्या छायाप्रती देण्याची अधिसूचना काही महिन्यांपूर्वीच निघालेली आहे (निघालेली अधिसूचना धरणे देणाऱ्यांपासून लपून राहावी, हा प्रकार स्वतंत्र लेखाचा विषय आहे). राजस्थानचा माहिती अधिकाराचा कायदा २००० साली आणि देशाचा २००५ साली आला, तो या मागणीच्या बळावर. अर्धशिक्षित म्हणून हिणवल्या गेलेल्या मजुरांना जी गोष्ट कळली ती अशी की स्रोत ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या इच्छेने बदलू न शकणारी प्रत हातात असल्याखेरीज ताळा करता येत नाही. ‘एकच सत्यस्रोत’ हे घोषवाक्य त्या धरण्याच्या मंडपात कोणी ऐकवले असते, तर स्रोत कोणाच्या कपाटात आहे, हा पहिला प्रतिप्रश्न आला असता.

१३ सप्टेंबर २०१९ रोजी जयपूरमध्ये सुरू झालेले जनसूचना पोर्टल हे याच परंपरेचे फळ आहे, आणि अनेक खात्यांचे तक्ते न मागता नागरिकापुढे ठेवण्याची त्याची कल्पना प्रशंसनीयच आहे. तथापि अशा कोणत्याही पोर्टलची उपयुक्तता त्यातील तक्ते आपापसांत किती जोडलेले आहेत यावर ठरत नाही. शिधापत्रिकेच्या तक्त्यात उचललेले धान्य आणि घरात आलेले धान्य यांची तुलना करणारी बाई पोर्टलच्या बाहेर असते, आणि तिची नोंद कोणत्याही सूत्राने काढता येत नाही. एका खात्याने चुकीने मृत ठरवलेली व्यक्ती, तक्ते जोडलेले असल्यामुळे, सर्व खात्यांत एकाच दिवशी मृत होऊ शकते. तक्ते सुटे असतानाच्या काळात निदान एका खात्यात ती जिवंत राहिली असती आणि त्या विसंगतीचा धागा पकडून दुरुस्तीला सुरुवात झाली असती.

यावर प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट उत्तर असे असू शकते: दोन साक्षींची तुलना करायची तरी त्या एकमेकींच्या शेजारी आणाव्याच लागतील, आणि शेजारी आणणे म्हणजे जोडणेच; मग विरोध कशाला? उत्तर योग्य आहे आणि ते मान्य केल्याने प्रस्तुत युक्तिवाद अधिक नेमका होतो. जोडणी दोन प्रकारची असते. भरणारी जोडणी एका तक्त्यातील आकड्यावरून दुसऱ्या तक्त्यातील आकडा तयार करते. ताडणारी जोडणी स्वतंत्रपणे लिहिलेल्या दोन आकड्यांच्या ओळी जुळवते आणि त्यांतील फरक तिसऱ्या स्तंभात दाखवते. पत्ता, नाव, खड्याची जात यांसाठी पहिली हवी. वजन, हजेरी, पोच, रक्कम यांसाठी दुसरी हवी, आणि ती उभी करण्यास ही अ‍ॅप्स पूर्ण समर्थ आहेत: देणाऱ्याची नोंद एका तक्त्यात, घेणाऱ्याची नोंद दुसऱ्यात, दोहोंत जांगड क्रमांकाचा जोडस्तंभ, आणि सूत्र लिहायचे ते फक्त वजाबाकीचे. गोठवायच्या किमतीसाठीही मार्ग आहेत. कोडामध्ये स्तंभाला सूत्र न लावता नव्या ओळीसाठीचे मूल्य सूत्राने ठरवता येते, म्हणजे ओळ जन्माला येताना दर उतरतो आणि पुढे मूळ दर बदलला तरी हलत नाही. इतर अ‍ॅपांत बटणाने किंवा स्वयंचलित कृतीने त्या क्षणाचा आकडा साध्या स्तंभात नकलून घेता येतो. साधनात खोट नाही. शिकवणुकीत आहे, कारण प्रशिक्षणात भरणारी जोडणी पहिल्या दिवशी शिकवली जाते आणि ताडणारी बहुधा शिकवलीच जात नाही.

शेवटी व्यवहाराचा आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. छोट्या पेढीत लिहिणारा माणूस एकच असतो. त्याने एकच वजन दोनदा लिहायचे म्हटले तर तो पहिल्या रकान्यातले पाहून दुसऱ्या रकान्यात उतरवेल, आणि साक्षीचे सोंग तेवढे राहील. हे घडते, आणि म्हणूनच दुसरी नोंद दुसऱ्या माणसाकडून आली पाहिजे, त्याला पहिली नोंद दिसता कामा नये, आणि तिच्यावर वेळेचा शिक्का पडला पाहिजे. कारागिराने माल हाती घेताना स्वतःच्या तराजूवर वजन करून स्वतःच्या फोनवरून ते एका साध्या फॉर्ममध्ये भरावे, व्यापाऱ्याचा आकडा त्याला तोपर्यंत दिसू नये, आणि भरताच त्याची प्रत त्याच्याकडे संदेशाने जावी, एवढी रचना करायला एक फॉर्म, एक जोडस्तंभ आणि एक वजाबाकी पुरते. यात मिनिटभर वेळ जास्त जातो. फरकाच्या स्तंभात बहुतेक दिवस शून्यच येईल, आणि ज्या दिवशी पाऊण कॅरट येईल त्या दिवशी दोघांना तराजू शेजारी ठेवून पुन्हा वजन करावे लागेल.